खवट कण आणि त्याला गिळणारी पेशी

पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली शेंगदाणा चिक्की काही दिवसांत खवट लागू लागते, हे लोणावळ्यात दुकान चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. दाण्याच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं असतात. त्यांच्यावर ऑक्सिजनची क्रिया होते, त्यांच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्या तुकड्यांचा तो वास येतो. हीच रासायनिक क्रिया माणसाच्या धमनीच्या भिंतीतही घडते. तिथे ती रक्तातून आत शिरलेल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर होते. असे बिघडलेले कण आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पेशी गिळतात, गिळत राहतात, फुगतात आणि तिथेच मरतात. ज्याला आपण 'ब्लॉकेज' म्हणतो त्याची सुरुवात इथून होते.

ही पेशी असे कण का गिळते, कोणत्या दारानं आत घेते आणि ते दार बंद केलं तर आजार थांबतो का, या प्रश्नांवर जगभर जवळपास पन्नास वर्षं काम चाललं आहे. त्यातून काय हाती लागलं, काय निसटलं आणि मावळ-लोणावळ्यातल्या माणसानं त्यातलं काय घ्यावं, याचा हा आढावा. माझं मत आधीच मांडून ठेवलेलं बरं: गिळणाऱ्या पेशीला दोषी ठरवण्यात फार काळ गेला. तिच्यापुढे इतके कण येऊन पडतातच का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता आणि त्याचं उत्तर आज आपल्याकडे आहे.

गिळणाऱ्या पेशी प्रथम नीट ओळखल्या त्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि काट्याभोवती जमणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं. धमनीचा आजार हा भिंतीतला दाह आहे, असं रुडॉल्फ विर्खो यांनी त्याआधीच, १८५६ मध्ये म्हटलं होतं. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय आनिचकॉव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत मेदाचे थर जमले आणि त्या थरांत मेदाच्या थेंबांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच पेशी मूळच्या मॅक्रोफेज, म्हणजे मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेल्या भक्षक पेशींच्याच जातीच्या. रक्तातली मोनोसाइट ही पांढरी पेशी भिंतीत शिरते आणि तिची मॅक्रोफेज होते.

पुढचं मोठं पाऊल अमेरिकेतल्या डॅलसला पडलं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात एलडीएलचा ग्राही, म्हणजे त्याला पेशीत घेणारं दार, शोधला. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा कण. प्रत्येक कणाभोवती अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू गुंडाळलेला असतो. पेशीला कोलेस्टेरॉल हवं असेल तेव्हा ती हा ग्राही पृष्ठभागावर आणते, पोट भरलं की कमी करते. या शोधासाठी दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. पण त्यातूनच एक कोडं उभं राहिलं. काही मुलं हा ग्राही नसतानाच जन्मतात. त्यांच्या रक्तात एलडीएल प्रचंड वाढतं आणि लहान वयात त्यांना हृदयविकार होतो. आता, एलडीएल आत घेण्याचं दारच नसेल तर त्यांच्या धमन्यांतल्या मॅक्रोफेजमध्ये कोलेस्टेरॉल शिरतं कसं? शिवाय ताजं, साधं एलडीएल बशीत मॅक्रोफेजपुढे ठेवलं तर ती ते फारसं गिळतही नव्हती.

या कोड्याची पहिली उकल करणाऱ्या १९७९ च्या शोधनिबंधावर गोल्डस्टीन आणि ब्राउन यांच्याबरोबर एक भारतीय नाव आहे: संदीप कुमार बसू. त्यांनी एलडीएलच्या प्रथिनावर रासायनिक बदल करून, म्हणजे त्याचं ॲसिटिलीकरण करून, ते उंदराच्या मॅक्रोफेजना दिलं. साध्या एलडीएलपेक्षा ते सुमारे वीस पट वेगानं आत गेलं आणि पेशी कोलेस्टेरॉलनं भरून गेल्या. म्हणजे मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर वेगळं दार होतं, बदललेल्या कणांसाठीचं. त्याला सफाई ग्राही म्हणता येईल. बसू पुढे भारतात परतले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचे संचालक झाले. याच दारातून औषध थेट मॅक्रोफेजमध्ये पोहोचवता येईल का, यावर त्यांनी भारतात काम केलं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत हे नाव ठळकपणे यायला हवं.

या दाराचा एक गुण फार निर्णायक आहे. एलडीएलचा मूळ ग्राही पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की मिटतो, सफाई ग्राही मिटत नाही. पेशीला पुरे झालं, हे सांगणारी व्यवस्थाच त्याच्याकडे नाही. जंतू, मेलेल्या पेशी, सडका कचरा असं जे जे धोक्याचं दिसेल ते उचलायचं, हे त्याचं काम. जंतू गिळताना पोट भरलं म्हणून थांबणारी भक्षक पेशी शरीराच्या काय कामाची!

पण शरीरात ॲसिटिलीकरण झालेलं एलडीएल सापडत नाही. मग प्रत्यक्षात कोणता बदल होतो? १९८१ मध्ये सॅन दिएगोला डॅनिएल स्टाइनबर्ग यांच्या गटानं दाखवलं, की धमनीच्या अस्तराच्या पेशींबरोबर एलडीएल ठेवलं तर ते आपोआप बदलतं आणि मॅक्रोफेज ते झपाट्यानं उचलतात. हा बदल ऑक्सिडीकरणाचा, म्हणजे कण खवट होण्याचाच होता, हे लवकरच स्पष्ट झालं. मेदाम्लांच्या तुटक्या तुकड्यांना अपोबी प्रथिन चिकटतं, त्याचा विद्युतभार बदलतो आणि सफाई ग्राही ते ओळखू लागतो. १९९० मध्ये पहिल्या सफाई ग्राहीचं, एसआर-एचं जनुक हाती आलं. १९९३ मध्ये सीडी ३६ हे दुसरं दार ठरलं, तर १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी अस्तराच्या पेशींवर लॉक्स-१ शोधलं.

रोगप्रतिकारक पेशीनं स्वतःच्याच शरीरातल्या कणाला शत्रू का मानावं, याचंही उत्तर मिळालं, आणि मला ते या साऱ्या कहाणीतलं सर्वांत सुंदर वाटतं. एलडीएल खवट झालं की त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फोकोलीन उघडं पडतं. हाच रेणू न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस जंतूच्या भिंतीवर असतो. २००३ मध्ये उंदरांना या जंतूची लस दिल्यावर त्यांच्या रक्तात खवट एलडीएल ओळखणारी प्रतिपिंडं वाढली आणि धमन्यांतले थर कमी झाले. म्हणजे मॅक्रोफेज गोंधळलेली नाही. जंतूची खूण ओळखायला ती शिकलेली आहे आणि खवट कणावर तिला तीच खूण दिसते.

इथवर गोष्ट सरळ होती. कण ऑक्सिडीकरणानं बिघडतो, पेशी त्याला गिळते, थर वाढतो. तेव्हा ऑक्सिडीकरण थांबवा, नाहीतर दार बंद करा. दोन्ही उपाय करून पाहिले गेले.

ऑक्सिडीकरण थांबवण्यासाठी जीवनसत्त्व ई देण्याचा उपाय माणसांवर मोठ्या प्रमाणात तपासला गेला. २००० मध्ये होप चाचणीचे निकाल आले: साडेनऊ हजारांहून जास्त लोक, साडेचार वर्षं, उपयोग शून्य. २००२ मध्ये ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीनं २०,५३६ लोकांत ई, सी आणि बीटा कॅरोटिन एकत्र देऊन पाहिलं. पाच वर्षांनी हृदयविकारात काहीही फरक नव्हता. त्याच चाचणीत, त्याच लोकांत स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधानं मात्र झटके आणि मृत्यू स्पष्टपणे कमी केले. एकाच अभ्यासात दोन कल्पनांची इतकी स्वच्छ परीक्षा क्वचितच होते. तरीही औषधांच्या दुकानांत 'हृदयासाठी' म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्या खपतात. सामान्य कुटुंबाचा तो खर्च वाया जातो आणि चुकीचा दिलासा मिळतो तो वेगळाच.

दार बंद करण्याची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. १९९७ आणि २००० मध्ये एसआर-ए किंवा सीडी ३६ नसलेल्या उंदरांत धमनीचे थर घटल्याचं दिसलं. २००५ मध्ये दुसऱ्या गटानं हेच प्रयोग केले, तर थर घटले नाहीत आणि फेसाळ पेशीही नेहमीसारख्या तयार झाल्या. कारण दारं दोनच नाहीत. साधं, न बिघडलेलं एलडीएल भरपूर असेल तर मॅक्रोफेज भोवतीच्या द्रवाचे घोटच्या घोट घेऊन तेही आत ओढते, त्यासाठी कोणत्याच ग्राहीची गरज लागत नाही. विकरांच्या क्रियेनं कणांचे गठ्ठे बनले तर तेही उचलले जातात. बशीतल्या प्रयोगांची मर्यादाही इथे ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे असे प्रयोग करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीभांडारातून टीएचपी-१ या पेशी मागवतात. मूळच्या त्या रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या. त्यांची मॅक्रोफेज बनवायची आणि तांब्याच्या क्षारानं खवट केलेलं एलडीएल त्यांना पाजायचं, ही रूढ पद्धत. तिनं खूप शिकवलं, पण धमनीच्या भिंतीत इतकं खवट एलडीएल इतक्या भरपूर प्रमाणात पेशीपुढे वाढलेलं नसतं.

दरम्यान पेशीचं चित्रही पालटत गेलं. २०१० मध्ये कळलं, की गिळलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात आणि ते पेशीतली दाहाची यंत्रणा पेटवतात. २०१४ मध्ये माणसाच्या हृदयधमन्या तपासल्यावर निम्म्याच्या आसपास फेसाळ पेशी मुळात मॅक्रोफेज नसून भिंतीतल्या स्नायूपेशी असल्याचं आढळलं. २०१८ मध्ये एकेका पेशीची जनुकं वाचण्याच्या तंत्रानं आणखी धक्का दिला: उंदरांच्या थरातल्या मेदानं भरलेल्या मॅक्रोफेज दाह भडकवणाऱ्या नव्हत्याच, दाहाची जनुकं जास्त जागी होती ती न भरलेल्या पेशींत. फेसाळ पेशी म्हणजे आग लावणारी, ही प्रतिमा तिथे डळमळली. ती बरीचशी सफाईच करत असते. गिळलेलं कोलेस्टेरॉल एचडीएलच्या, म्हणजे ते परत वाहून नेणाऱ्या कणाच्या, हवाली करण्याची व्यवस्थाही तिच्याकडे आहे. येणारा माल त्या व्यवस्थेच्या कुवतीपलीकडे गेला की पेशी मरते, तिचे अवशेष उचलायला दुसरी पुरी पडत नाही आणि थराच्या पोटात मेलेल्या पेशींचा मऊ गाभा तयार होतो. तो गाभा झाकणारं पातळ आवरण फाटलं, की रक्ताची गुठळी होते. झटका येतो तो बहुतेक वेळा त्या क्षणी.

दाहच शमवला तर? २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,०६१ रुग्णांपैकी काहींना दाहाचा एक संदेश अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं गेलं. कोलेस्टेरॉल न बदलता हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, पण जीवघेणे संसर्ग वाढले. विर्खो बरोबर होते, याचा हा माणसांतला पुरावा. गाउटसाठी वापरलं जाणारं स्वस्त कोल्चिसिन २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांत उपयोगी ठरलं, २०२४ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत ठरलं नाही. या वाटेवर आशा आहे, पण रोगप्रतिकारक यंत्रणेचा हात धरून ठेवण्याची किंमत संसर्गाच्या रूपानं मोजावी लागते.

मग धागा जातो तो मागे, कण भिंतीत का अडकतो इथे. १९९५ मध्ये केविन विल्यम्स आणि आयरा टाबस यांनी मांडलं, की अपोबी असलेला कण भिंतीतल्या जाळीला चिकटून राहणं हाच आजाराचा आरंभ. बिघाड आणि गिळणं नंतर येतं. २००२ मध्ये अपोबीचा चिकटणारा भाग बदललेल्या उंदरांत, एलडीएल तितकंच असूनही थर कमी झाले. आणि माणसांतला पुरावा २००६ चा, पुन्हा डॅलसहून: पीसीएसके ९ या जनुकातल्या बदलामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासून २८ टक्क्यांनी कमी असतं, त्यांच्यात हृदयधमनीचा विकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. पन्नाशीत औषध सुरू करून इतका फरक पडत नाही. थोडं कमी, पण आयुष्यभर कमी, याचं मोल असं आहे. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या १९५३ च्या शवविच्छेदन अहवालात सरासरी वय बाविशीचं असूनही ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. थर विशीतच बसू लागतो.

आता आपल्या मातीकडे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ चढून-उतरून राबणारं काटक शरीर म्हणजे निरोगी हृदय, असं आपण सहज मानतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामानं या समजाला मोठा तडा दिला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. पण आपल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभा फोटोच छापला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

या लपलेल्या चरबीचा कणांशी थेट संबंध आहे. पोटातली चरबी आणि भाताचा-साखरेचा भार यांनी रक्तातला ट्रायग्लिसराइड हा मेद वाढतो, एचडीएल उतरतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. असे कण भिंतीत सहज शिरतात, जाळीला जास्त चिकटतात आणि लवकर खवट होतात. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या २०१४ च्या अहवालात हेच चित्र उमटलं: एलडीएल जास्त असलेले १२ टक्क्यांच्या आसपास, पण एचडीएल कमी असलेले ७२ टक्के. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं दिलेल्या इंद्रायणी भाताचा मावळाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण ताटात भाताचा डोंगर आणि डाळ-भाजी बोटभर, ही सवय शेतातलं काम सुटून कारखान्याच्या खुर्चीवर आलेल्या पिढीला महाग पडते. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांनी २००७ मध्ये इंटरहार्ट अभ्यासातून दाखवलं, की दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ आहे, इतर देशांत ते ५९ च्या जवळ. आणि कारणं काही निराळी नाहीत: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, अपोबीचं प्रमाण. ती आपल्याकडे लवकर येतात, इतकंच.

लोणावळ्याचं नाव हृदयविकाराच्या संदर्भात योगामुळे येतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायामाचे परिणाम क्ष-किरणांनी आणि रक्तदाबाच्या मोजमापानं तपासायची प्रथा पाडली. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचं ते धैर्य मला फार मोठं वाटतं. त्याच मोजपट्टीनं आज काय दिसतं? २००० मध्ये दिल्लीच्या एम्सनं ४२ पुरुषांवर वर्षभर योग, आहार आणि जीवनशैली यांचा एकत्रित प्रयोग केला. योगगटात ५ टक्के अडथळे वाढले, दुसऱ्या गटात ३७ टक्के. पण रुग्ण मोजके होते आणि आहाराचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. २०२० मध्ये देशातल्या २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्णांची योग-केअर चाचणी झाली. झटक्यानंतर योग करणाऱ्यांना बरं वाटलं, ते आपल्या कामांकडे अधिक चांगले परतले. पुन्हा झटका किंवा मृत्यू यांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. म्हणून योग करावा, जरूर करावा. पण त्यासाठी स्टॅटिन थांबवणं म्हणजे कुवलयानंदांच्या प्रयोगशील वृत्तीलाच पाठ दाखवणं होय.

घाटावरच्या वडा-भज्यांबद्दलही बोलायला हवं. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात ऑक्सिडीकरण झालेले मेद साठतात. ते आतड्यातून रक्तात पोहोचतात, आणि सशांना असे मेद खाऊ घातल्यावर धमन्यांतले मेदाचे पट्टे वाढले. म्हणून १ जुलै २०१८ पासून देशात तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल बिघडल्याच्या खुणेवर, २५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची. पावसाळी गर्दीच्या दिवशी ही मर्यादा गाडीवर कोण मोजतं, हा प्रश्न नगरपरिषदेनं आणि अन्न प्रशासनानं गांभीर्यानं घ्यावा. मोजण्याचं यंत्र हातात मावेल एवढंच असतं.

पेशीच्या सगळ्या दारांचा शोध अजून संपलेला नाही आणि तो चालू राहावा. पण औषध म्हणून आज सिद्ध आहे ते दारावर पहारा ठेवणं नव्हे. कण कमी करणं, लवकर करणं आणि दीर्घकाळ करणं, हेच. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये एलडीएलची उद्दिष्टं (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) सांगितली आहेत: सामान्य जोखमीला १०० च्या खाली, मधुमेहासारख्या जास्त जोखमीला ७० च्या खाली, झटका येऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकानं, सडपातळ असला तरी, एकदा लिपिड तपासणी करून घ्यावी. अहवालातल्या एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरतो तो आकडा अपोबीच्या सर्व कणांतल्या कोलेस्टेरॉलचा, आणि त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. तो १३० च्या वर असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. तंबाखू आणि मिश्री सोडा, आणि सुरू केलेलं औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.